अर्धवेळ राखीव सैनिकांच्या दीर्घ ड्यूटीचे वेतन: आदेशापासून वेतनपट्टीपर्यंत

शनिवारी सकाळी आठ वाजता शस्त्रागाराच्या दारावर पहाऱ्याला उभा राहिलेला राखीव सैनिक रविवारी सकाळी आठ वाजता बदली जवानाच्या हाती किल्ल्या सोपवतो आणि सोमवारी सकाळी आपल्या नेहमीच्या नोकरीवर हजर होतो. पुढे वेतनपट्टी हाती आली की तिच्यातला आकडा पाहून तो चक्रावतो, कारण चोवीस तासांच्या जागरणाचे पैसे त्याला कित्येकदा आठ तास काम करणाऱ्या सहकाऱ्याइतकेच मिळालेले असतात. कोणी त्याचे पैसे खाल्लेले नसतात आणि हिशेबही बहुधा बरोबर असतो. तो ज्या नियमाने केलेला असतो, तो नियम मात्र त्याला पाळी सुरू होण्याआधी कोणी नीट समजावून सांगितलेला नसतो.

दीर्घ पाळीचे वेतन जवळजवळ पूर्णपणे त्या पाळीच्या आधी निघालेल्या कागदावर ठरते. ड्यूटी संपल्यावर केलेली तक्रार फार तर नोंदीतली चूक दुरुस्त करू शकते. चुकीच्या प्रकाराखाली काढलेला आदेश मागाहून बदलून घेणे फार अवघड जाते. म्हणून पुढच्या पायऱ्यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांना मी सर्वांत जास्त जागा दिली आहे.

पायरी पहिली: वेतन कोणत्या मापाने मोजले जाते ते ओळखा

कारखान्यात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला तासाचा दर, जादा तासांचा दर आणि रात्रपाळीचा भत्ता या गोष्टी परिचयाच्या असतात. सैन्यात तासाचा दर नसतो. नियमित सैनिकाला महिन्याचे वेतन मिळते, आणि त्या मोबदल्यात तो चोवीस तास सेवेला उपलब्ध आहे असे गृहीत धरले जाते. रात्रीचा पहारा, पहाटेची कवायत, अचानक आलेले बोलावणे हे सगळे त्या एका रकमेत सामावलेले असते. त्याला निवास, वार्षिक रजा आणि निवृत्तिवेतन यांचाही आधार असतो, त्यामुळे एखादी कठीण रात्र त्याच्या वर्षाच्या हिशेबात विरून जाते. महिन्यातून दोनच दिवस येणाऱ्या राखीव सैनिकाला मात्र तेच तत्त्व, तो आधार वगळून, दिवसाच्या किंवा सत्राच्या मापाने लावले जाते. त्याच्या वाट्याला ती कठीण रात्र पूर्ण येते आणि भरपाई दिवसापुरती येते. या विषयातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे, असे माझे मत आहे.

प्रत्येक देशाचे माप वेगळे आहे. अमेरिकेत राखीव दले आणि नॅशनल गार्ड (राज्य आणि संघराज्य दोघांनाही बोलावता येणारे अर्धवेळ सैन्य) यांच्या नेहमीच्या प्रशिक्षणासाठी ‘ड्रिल’ म्हणजे एक सत्र हे एकक आहे. एका सत्राचे वेतन त्या हुद्द्याच्या मासिक मूळ वेतनाच्या तिसाव्या हिश्श्याइतके असते, वेतनासाठी सत्र किमान चार तासांचे असावे लागते, आणि एका कॅलेंडर दिवसात जास्तीत जास्त दोन सत्रे मोजली जातात. म्हणूनच शनिवार-रविवारच्या नेहमीच्या प्रशिक्षणाला चार सत्रे, म्हणजे नियमित सैनिकाच्या चार दिवसांचे मूळ वेतन मिळते. वर्षभरात अशी साधारण ४८ सत्रे आणि सुमारे दोन आठवड्यांचे वार्षिक प्रशिक्षण अशी ही रचना आहे. वार्षिक प्रशिक्षण किंवा अन्य सक्रिय, म्हणजे पूर्णवेळ, सेवेच्या आदेशावर असताना माप बदलते: तिथे सत्रे नसतात, दिवस असतो, आणि दिवसाला तिसावा हिस्सा एकदाच मिळतो.

ब्रिटनच्या राखीव सेनेत दिवसाचा दर वार्षिक वेतनाला ३६५ ने भागून काढतात आणि हजेरीच्या तासांनुसार त्या दिवसाचे भाग पाडतात. संध्याकाळच्या दोन तासांच्या प्रशिक्षणाला पाव दिवसाचे वेतन मिळते, तर आठ तास झाले की पूर्ण दिवस होतो. आठ तासांनंतर तुम्ही आणखी चार तास थांबलात तरी त्या दिवसाचा दर तेवढाच राहतो. कॅनडात ‘अ’ वर्गाच्या अर्धवेळ सेवेसाठी सहा तासांची रेषा आखलेली आहे: सहा तासांपेक्षा कमी काम झाले तर अर्धा दिवस, सहा किंवा त्याहून अधिक तास झाले तर पूर्ण दिवस. तिथला राखीव सैनिकांचा दर पूर्वी नियमित सैनिकाच्या ८५ टक्के होता, तो २०१९ मध्ये ९२.८ टक्क्यांवर नेण्यात आला. प्रत्यक्ष मोहिमेवरच्या ‘क’ वर्गाच्या सेवेला मात्र नियमित दरच लागू होतो.

भारतातील प्रादेशिक सेनेची स्थिती याहून निराळी आहे. १९४८ च्या अधिनियमाने उभ्या राहिलेल्या आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या दलात, प्रशिक्षणासाठी किंवा प्रत्यक्ष सेवेसाठी बोलावल्यावर नियमित सेनेतील समान हुद्द्याप्रमाणे वेतन व भत्ते मिळतात आणि बोलावलेले नसताना मिळत नाहीत. तिथे पाळी किती तासांची होती यापेक्षा सेवेत घेतल्याची तारीख आणि मोकळे केल्याची तारीख या दोन नोंदी निर्णायक ठरतात.

आपल्या दलाचे माप कोणते, त्यात ‘पूर्ण’ होण्याची रेषा किती तासांवर आहे आणि दिवस मध्यरात्री बदलतो की पाळी सुरू झाल्यापासून चोवीस तासांनी, या तीन प्रश्नांची उत्तरे वेतन लिपिकाकडून लेखी घ्यावीत. तोंडी उत्तर बरोबर असले तरी सहा महिन्यांनी त्याचा उपयोग होत नाही.

पायरी दुसरी: आदेशाचा प्रकार पाळीच्या आधी पाहून घ्या

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून एखाद्या अमेरिकी राखीव सैनिकाचे मासिक मूळ वेतन ३,००० डॉलर आहे असे मानू, म्हणजे एक सत्र किंवा एक दिवस १०० डॉलरचा झाला. हा आकडा केवळ मांडणीसाठी आहे. प्रत्यक्ष दर हुद्दा आणि सेवेची वर्षे यांवर ठरतात.

त्याने शनिवारी आठ तासांचे साधे प्रशिक्षण केले, तर दोन सत्रांचे २०० डॉलर होतात. तासाला २५ पडतात. त्याच शनिवारी त्याला मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत चोवीस तास नियंत्रण कक्षात बसवले, तरी कॅलेंडर दिवस एकच असल्याने सत्रे दोनच राहतात, आणि तासाचा हिशेब सुमारे ८ डॉलर ३३ सेंटवर येतो. हीच पाळी शनिवारी सकाळी आठ ते रविवारी सकाळी आठ अशी ठेवली, तर ती दोन कॅलेंडर दिवसांत विभागली जाते. शनिवारच्या सोळा तासांत दोन सत्रे बसतात, रविवारच्या आठ तासांत आणखी दोन बसू शकतात, आणि वरिष्ठांनी ती आधी वेळापत्रकात मंजूर केली असतील तर एकूण ४०० डॉलर होतात. काम तेच, जागरण तेच, फक्त सुरुवातीची वेळ आठ तासांनी सरकली आणि रक्कम दुप्पट झाली.

‘बसू शकतात’ या शब्दांत सगळा धोका दडलेला आहे. सत्रे आपोआप जन्माला येत नाहीत. ती वेळापत्रकात दाखवलेली आणि सक्षम अधिकाऱ्याने मान्य केलेली असावी लागतात. नेहमीच्या प्रशिक्षणाच्या शनिवार-रविवारी तर चारही सत्रे आधीच दिवसाच्या कामासाठी लागलेली असतात. त्यामुळे शनिवारी रात्री बराकीत जागून पहारा देणारा आणि शनिवारी संध्याकाळी घरी जाऊन झोपणारा, दोघांनाही तीच चार सत्रे मिळतात. हे अन्यायाचे वाटते आणि मला ते तसे वाटतेही. पण नियम असा आहे हे माहीत असेल, तर रात्रीच्या पहाऱ्याची पाळी सर्वांमध्ये फिरती ठेवा, किंवा रात्रभर जागलेल्यांना रविवारच्या दुपारच्या कामात हलके काम द्या, अशी रास्त मागणी तरी वेळेवर करता येते.

तीच पाळी दोन दिवसांच्या सक्रिय सेवेच्या आदेशावर केली तर मूळ वेतन २०० डॉलरच होते, परंतु निवासाचा आणि भोजनाचा भत्ता त्यात मिळतो, जो सत्रांवर मिळत नाही. म्हणून ‘सत्रे बरी की सक्रिय सेवा बरी’ याला एकच उत्तर नाही. एक-दोन दिवसांच्या, दोन तारखांत पसरलेल्या पाळीला सत्रे अनेकदा जास्त रक्कम देतात, पण सलग काही दिवस बारा-बारा तासांच्या पाळ्या असतील तर सक्रिय सेवेचा आदेशच योग्य असतो, कारण भत्त्यांबरोबर दुखापत, उपचार आणि सेवाकाळाची मोजणी यांतही त्याचा फायदा होतो.

नॅशनल गार्डच्या जवानांनी आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. पूर किंवा वादळाच्या वेळी त्यांना बोलावले जाते तेव्हा आदेश राज्याच्या अखत्यारीतला आहे की संघराज्याच्या, यावर जवळपास सर्व काही अवलंबून असते. राज्याच्या सक्रिय सेवेत वेतन राज्य देते, दर त्या-त्या राज्याच्या कायद्याने ठरतो, आणि तो काळ संघराज्याच्या निवृत्तिवेतनाच्या गुणांत (त्यांचा हिशेब पाचव्या पायरीत आहे) धरला जात नाही. वाळूच्या गोण्या रचण्याचे काम, गणवेश आणि बारा तासांची पाळी दोन्ही आदेशांत हुबेहूब सारखी असते, आणि म्हणूनच फरक लक्षात येत नाही.

तेव्हा पाळीवर जाण्याआधी आदेशाची प्रत मागावी आणि तिच्यात पुढील बाबी स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात: सेवेचा प्रकार, सुरुवातीची व शेवटची तारीख, सत्रे असतील तर त्यांची संख्या, आणि वेतन कोणत्या कार्यालयाकडून येणार. ‘आदेश नंतर निघेल, तुम्ही सुरू करा’ असे सांगितले गेले, तर सांगणाऱ्याकडून तेवढेच वाक्य ईमेलने मागवून घ्यावे. सैन्यात असे मागणे उद्धटपणाचे वाटेल अशी भीती अनेकांना वाटते. नम्र भाषेत मागितलेल्या लेखी खुलाशाने कोणाचा मान जात नाही, आणि चांगला वरिष्ठ तो न मागता देतो.

पायरी तिसरी: घड्याळाची नोंद स्वतः ठेवा

हजेरीपटावर बहुधा ‘हजर’ एवढीच खूण असते. दीर्घ पाळीत ती अपुरी पडते, म्हणून खिशात मावेल अशी वही ठेवून तिच्यात वेळा जागच्या जागी लिहाव्यात. एका पहाऱ्याची नोंद साधारण अशी दिसेल: ‘०७:२० तुकडीच्या कार्यालयात हजर. ०७:४० शस्त्र व दहा काडतुसे ताब्यात, नोंदवहीत सही. ०८:०० मागील पहाऱ्याकडून किल्ल्या घेतल्या. ०२:१५ मागच्या कुंपणाचा इशारा वाजला, गस्त घातली, ०२:५० परत. ०८:३५ बदली जवान उशिरा आला, तेव्हा किल्ल्या दिल्या. ०९:०५ शस्त्र जमा.’

या नोंदीत कागदावरच्या चोवीस तासांच्या पाळीचे प्रत्यक्षात पावणेसव्वीस तास झालेले दिसतात. दिवसाचे माप असलेल्या दलात या जादा वेळेचे स्वतंत्र पैसे मिळणार नाहीत हे खरे. पण ब्रिटनची आठ तासांची किंवा कॅनडाची सहा तासांची रेषा जिथे आहे, तिथे पाळीची पाच-दहा मिनिटे अलीकडे पडली की पलीकडे, यावर दिवसाचा मोठा भाग ठरतो. आणि शस्त्र घेण्याची व जमा करण्याची वेळ ड्यूटीत धरली जाते की नाही, हा वाद नोंद असेल तरच घालता येतो. घरून तळापर्यंतचा प्रवास सहसा या मोजणीत येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वहीतली नोंद एकट्याची असते, म्हणून तिला दुसरा आधार हवा. शस्त्रागाराची नोंदवही, फाटकावरची आवक-जावक वही, पहारा सोपवल्याची सही, नियंत्रण कक्षाचा संदेशक्रम, यांपैकी कशात आपली वेळ उमटली आहे ते लिहून ठेवावे. गोपनीय ठिकाणी मात्र फोनने छायाचित्रे काढू नयेत आणि पहाऱ्याचा तपशील बाहेर नेऊ नये. वेळ आणि आपले नाव एवढेच पुरेसे आहे.

पायरी चौथी: जागे राहणे आणि जागेवर राहणे यांतला फरक समजून घ्या

चोवीस तासांच्या पाळीत माणूस चोवीस तास हालचाल करत नसतो. चार तास पहारा, आठ तास राखीव, त्यातले काही झोपेत, अशी विभागणी असते. झोपेचे तास ड्यूटी आहेत की विश्रांती, हा प्रश्न जगभरच्या न्यायालयांनी हाताळला आहे, आणि सैनिकांच्या बाबतीत युरोपीय संघाच्या न्यायालयाचा १५ जुलै २०२१ चा निवाडा वाचण्यासारखा आहे. स्लोव्हेनियाच्या सैन्यातला एक जवान दर महिन्याला एक आठवडा, सातही दिवस, चोवीस तास बराकीत राहून पहाऱ्याची सेवा करत होता. मंत्रालय त्यातले दिवसाचे आठच तास कामाचे धरत होते आणि उरलेल्या वेळेसाठी मूळ वेतनाच्या २० टक्के दराने हजर राहण्याचा भत्ता देत होते. त्याने ते सर्व तास जादा काम म्हणून मोजावेत अशी मागणी केली.

न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन्ही नीट वेगळ्या समजून घ्यायला हव्यात. पहिली अशी, की कामाच्या वेळेविषयीचा युरोपीय निर्देश सैनिकांना सरसकट लागू होत नाही असे म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष मोहीम, प्राथमिक प्रशिक्षण, विशेष कौशल्याची कामे किंवा ज्यांत माणसे फिरती ठेवता येत नाहीत अशी कामे त्यातून वगळता येतात, पण शांततेच्या काळातला नित्याचा पहारा केवळ गणवेशामुळे वगळला जात नाही. दुसरी अशी, की एखादा काळ कामाचा म्हणून धरला गेला तरी त्याचे वेतन किती द्यायचे हा वेगळा प्रश्न आहे, आणि हजर राहण्याच्या वेळेला प्रत्यक्ष कामापेक्षा निराळा दर देण्यास तो निर्देश आड येत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा, की विश्रांतीचा हक्क आणि पैशाचा हक्क यांची मागणी एकत्र मिसळू नये. ‘मला चोवीस तासांनंतर विश्रांती मिळालेली नाही’ हा आरोग्याचा आणि सुरक्षेचा मुद्दा आहे आणि तो अनेकदा लवकर ऐकला जातो. ‘मला राखीव तासांचे पैसे मिळालेले नाहीत’ हा वेतन नियमांचा मुद्दा आहे आणि तो नियमाचे कलम दाखवूनच मांडावा लागतो. अमेरिकेत तर जादा तासांच्या मोबदल्याचा सर्वसाधारण कामगार कायदा गणवेशातील सैनिकांना लागूच होत नाही, त्यामुळे तिथे ओव्हरटाइम या शब्दाने सुरू केलेला अर्ज पहिल्याच टेबलावर थांबतो.

पायरी पाचवी: वेतनाशेजारच्या रकमा सोडू नका

भत्ते, प्रवासखर्च, भोजन आणि वार्षिक प्रोत्साहन रक्कम यांचे नियम रुक्ष असतात, पण दीर्घ पाळी करणाऱ्याच्या बाबतीत तूट बहुधा इथेच भरून निघते. ब्रिटनमध्ये वर्षभरातल्या ठरावीक दिवसांची हजेरी, बहुतेक तुकड्यांसाठी २७ दिवस, आणि अनिवार्य चाचण्या पूर्ण करणाऱ्याला करमुक्त वार्षिक रक्कम मिळते. तेव्हा एखाद्या पाळीचा दिवस नोंदला न गेल्यास नुकसान त्या दिवसाच्या वेतनापुरते राहत नाही, वर्षाची ही रक्कमही अडचणीत येऊ शकते. ऑस्ट्रेलियात अर्धवेळ राखीव सेवेचे वेतन करमुक्त आहे, पण सलग पूर्णवेळ सेवेवर गेल्यास ते करपात्र होते. अमेरिकेत सत्रांचे वेतन करपात्र असते.

अमेरिकेतल्या गुणांचा हिशेब तर प्रत्येकाने स्वतः ठेवला पाहिजे. प्रत्येक सत्राला एक गुण, सक्रिय सेवेच्या प्रत्येक दिवसाला एक गुण आणि सदस्यत्वाचे वर्षाला पंधरा गुण मिळतात. वर्षात किमान ५० गुण झाले तरच ते वर्ष निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या वीस वर्षांत धरले जाते. वर्षअखेरीस ४८ गुणांवर अडकलेल्या सैनिकासाठी मार्चमधली न नोंदलेली एक पाळी संपूर्ण वर्ष वाचवू किंवा घालवू शकते. वेतन न देता केवळ गुणांसाठी केलेल्या सेवेचाही मार्ग तिथे आहे, त्याचा फॉर्म वेळीच भरून सही घ्यावी.

पायरी सहावी: नेहमीच्या नोकरीशी सांधा जुळवा

दीर्घ पाळीची खरी किंमत सोमवारी सकाळी कळते. मालकाला किंवा वरिष्ठांना तारखा शक्य तितक्या आधी लेखी द्याव्यात, आणि त्यांत परतीची वेळ विश्रांती धरून लिहावी. अमेरिकेतल्या १९९४ च्या कायद्यानुसार ३१ दिवसांपेक्षा कमी सेवेनंतर सैनिकाने सुरक्षित घरी पोहोचण्याचा वेळ आणि त्यानंतर आठ तासांची विश्रांती घेऊन, पुढच्या पहिल्या पूर्ण पाळीला कामावर हजर व्हायचे असते. ३१ ते १८० दिवसांच्या सेवेनंतर १४ दिवसांत आणि त्याहून मोठ्या सेवेनंतर ९० दिवसांत कामावर परतण्याचा अर्ज करता येतो. रविवारी रात्री दहाला घरी पोहोचलेल्या माणसाला सोमवारी पहाटे पाचच्या पाळीला बोलावणे या नियमात बसत नाही, आणि हे मालकाला शांतपणे सांगता येते. भारतात प्रादेशिक सेना अधिनियमाच्या कलम ७-अ मध्ये सैनिकी सेवेनंतर पूर्वीच्या नोकरीत परत घेण्याची तरतूद आहे.

इस्रायलने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. तिथे राखीव सेवेच्या काळाची भरपाई सैनिकाच्या हुद्द्यावर न ठरता त्याच्या आधीच्या तीन महिन्यांच्या उत्पन्नावर ठरते आणि ती राष्ट्रीय विमा संस्थेकडून येते. मालक पगार चालू ठेवून ती रक्कम परत मागतो. ज्यांचे उत्पन्न दर महिन्याला बदलते, त्यांनी अशा व्यवस्थेत बोलावणे येण्याआधीच्या तीन महिन्यांच्या पावत्या हाताशी ठेवल्या पाहिजेत.

दोन वेतने एकाच दिवशी मिळत असतील, म्हणजे सवेतन रजाही आणि सैनिकी वेतनही, तर ते आपल्या नोकरीच्या नियमात बसते का हे आधी विचारून घ्यावे. न विचारता घेतलेली रक्कम पुढे शिस्तभंगाच्या कारवाईचे निमित्त होते.

पायरी सातवी: वेतनपट्टी ओळीओळीने तपासा

पाळीनंतर वेतन जमा व्हायला काही आठवडे लागू शकतात. जमा झाल्यावर एकूण रकमेवर समाधान मानू नये, कारण एक चूक दुसऱ्या चुकीला झाकते. आधी तारखा जुळवाव्यात, मग सत्रांची किंवा दिवसांची संख्या, त्यानंतर हुद्दा व सेवेची वर्षे, आणि शेवटी भत्ते व कपाती. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे दुसरी तारीख नोंदवायचीच राहून जाणे, कारण हजेरी घेणारा शनिवारी हजर होता आणि रविवारी सकाळी तो आलाच नव्हता. नुकतीच बढती झाली असेल किंवा सेवेचे नवे वर्ष लागले असेल, तर जुना दर आणखी एक-दोन महिने चालू राहिलेला दिसतो.

पायरी आठवी: दुरुस्ती मागा, आणि जास्त आलेले जपून ठेवा

पहिली विचारणा नेहमी तुकडीतल्या वेतन लिपिकाकडे करावी. त्याच्यावर राग काढू नये. एकाच वेळी शंभर-दोनशे जणांच्या नोंदी सांभाळणाऱ्या या माणसाची सदिच्छा आपल्याला दरवर्षी लागते. अर्ज अर्ध्या पानाचा असावा. उदाहरणार्थ: ‘आदेश क्रमांक अमुक अन्वये मी शनिवार सकाळी ०८:०० ते रविवार सकाळी ०८:०० पहाऱ्याची सेवा केली. आदेशात चार सत्रे मंजूर आहेत. वेतनपट्टीत दोनच सत्रे दिसतात; रविवारच्या तारखेची नोंद नाही. शस्त्रागाराच्या नोंदवहीत रविवारी ०९:०५ वाजता शस्त्र जमा केल्याची माझी सही आहे. कृपया उर्वरित दोन सत्रांचे वेतन व गुण नोंदवावेत.’ यात भावना नाही, आरोप नाही, आणि उत्तर देणाऱ्याला तपासायला लागणाऱ्या सर्व गोष्टी आहेत.

तीस दिवसांत उत्तर आले नाही तर तोच अर्ज, पहिल्या अर्जाची तारीख घालून, कंपनी कमांडरमार्फत वर पाठवावा. मुदतीचे भान ठेवावे: अमेरिकेत सरकारविरुद्धच्या थकीत वेतनाच्या दाव्याला सहसा सहा वर्षांची मर्यादा आहे आणि सेवानोंद दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. पाळीदरम्यान दुखापत झाली असेल तर मात्र थांबू नये. दुखापत ड्यूटीवर असताना झाली याचा अहवाल त्याच दिवशी सुरू करून घ्यावा. अमेरिकेत प्रशिक्षणाला थेट जाण्या-येण्याचा प्रवास आणि दोन सत्रांच्या मधली तळावरची रात्रही या संरक्षणात येते, आणि चोवीस तास जागून गाडी चालवत घरी निघालेल्या माणसासाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

उलट चूकही होते. पहारा झाला दोन दिवसांचा आणि वेतन आले पाच दिवसांचे, असे घडले तर ती रक्कम खर्च न करता बाजूला ठेवावी आणि त्याच आठवड्यात लेखी कळवावे. वर्षभराने ती पुढच्या वेतनातून एकरकमी कापली जाते, तेव्हा घरभाड्याचा महिना कोलमडतो. आपण आधी कळवल्याचे पत्र हाती असेल तर हप्त्याने वसुली करण्याची विनंती मान्य होण्याची शक्यता बरीच वाढते. त्या पत्राची पोच आदेशाच्या प्रतीसोबत त्याच फाइलमध्ये लावावी.